एक्स-रेचा कोर्स निवडताना आधी नोकरीची जाहिरात वाचा

(जूनच्या मासिक सभेत मी जे बोलले ते लिहून द्या, म्हणजे सभेला न आलेल्यांनाही वाचता येईल, असं सचिवताई म्हणाल्या. म्हणून जसं बोलले तसंच साधारण लिहिलं आहे. मधे ज्या मावश्या बोलल्या त्यांचं बोलणंही ठेवलं आहे.)



मागच्या सभेत आपण एक कर्जमागणी थांबवून ठेवली होती, आठवतंय ना? आपल्याच एका ताईंच्या मुलीला बारावीनंतर एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करायचा आहे. कोर्स एक वर्षाचा, फी पंचाहत्तर हजार. ताईंचा एकही हप्ता आजवर चुकलेला नाही, त्यामुळे माणसाबद्दल कुणाचीच शंका नव्हती. तरी सभेत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, पोरगी शिकतेय, डोळे झाकून द्या. काही जणी म्हणाल्या, एक्स-रेचं काम वाईट, पुढं मूलबाळ होत नाही, सोयरीक जमणार नाही. आणि एक मावशी कोपऱ्यातून हळूच म्हणाल्या, "फी घेतील, सर्टिफिकेट देतील. पुढं काय?"

आवाज त्या दोन तटांचाच जास्त झाला, पण मला झोप लागली नाही ती या मावशींच्या प्रश्नानं. त्याला घरचं कारण आहे, ते आधी सांगते.

माझ्या मावसबहिणीनं हाच कोर्स केला. सात वर्षं झाली. बारावी सायन्सला तिला बरे मार्क होते. बसस्टँडवर जाहिरात लागली होती, "शंभर टक्के नोकरी". संस्था एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली मोबाईलचं दुकान. मावशीनं दोन शेळ्या विकल्या, गटातून चाळीस हजार उचलले, उरलेले मामानं दिले. वर्षभर बहीण रोज एसटीनं गेली-आली. वर्गात फळ्यावर हाडांची चित्रं काढायची. एक्स-रेचं मशीन तिनं वर्षभरात किती वेळा बघितलं? चार वेळा. तेसुद्धा एका खासगी दवाखान्यात, भिंतीला टेकून, लांबून.

सर्टिफिकेट मिळालं, सोनेरी शिक्क्याचं. मावशीनं फ्रेम करून भिंतीला लावलं. पुढं सरकारी भरतीची जाहिरात आली, बहिणीनं फॉर्म भरला, कागदपत्रं तपासायला गेली. तिथल्या बाईंनी सर्टिफिकेट उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे कुठल्या विद्यापीठाचं?" ते कुठल्याच विद्यापीठाचं नव्हतं, कुठल्या परिषदेचं नव्हतं, सरकारी मंडळाचंही नव्हतं. संस्थेनं स्वतःच छापलेलं होतं. बहीण परत आली ती तीन दिवस बोलली नाही. आज ती एका दवाखान्यात काउंटरला केसपेपर काढते. मावशी गटाचं कर्ज दोन वर्षं फेडत होती. ती फ्रेम अजून भिंतीला आहे. काढा म्हणायला मला तोंड होत नाही.

म्हणून मागच्या महिन्यात मी थोडं फिरले. एका सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रे विभागात परवानगी काढून अर्धा दिवस बसले. खासगीत काम करणाऱ्या तिघींना भेटले. ते सगळं आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी हे काम काय असतं ते बघू. बटण दाबायचं आणि फोटो काढायचा, असंच मलाही वाटत होतं.

मी बसले तिथं एक आजी आल्या. खोकला, डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे लिहिलेला. टेक्निशियन ताईंनी आधी गळ्यातलं काढायला लावलं. मंगळसूत्र काढायला आजी तयारच नाहीत! ताईंनी दोन मिनिटं समजावलं, की हे मणी फुप्फुसावर पांढरे ठिपके म्हणून उमटतील आणि डॉक्टरांना वाटेल आत काहीतरी आहे. मग ब्लाऊजचे हुक. मग वेणी, कारण जाड वेणी पाठीवर राहिली तर तिचीही सावली पडते. मग आजींना उभं केलं, छाती पाटाला टेकवली, खांदे पुढं घ्यायला लावले, हनुवटी वर. "श्वास भरून धरा, सोडू नका." आजींनी सोडला. परत केलं. पुरुष असता तर आजी खोलीत तरी गेल्या असत्या का, मला शंका आहे. स्तनांच्या तपासणीचा जो एक्स-रे असतो, मॅमोग्राफी म्हणतात, तिथं तर बाई नसेल तर बायका अर्ध्या वाटेतून परत जातात, असं त्या ताई म्हणाल्या.

त्यानंतर एक तरुण सून आली, सासू सोबत. कंबरेचा एक्स-रे. ताईंनी सासूला बाहेर बसवलं, दार लावलं आणि सुनेला विचारलं, "पाळी कधी आली होती? दिवस गेलेले असायची शक्यता आहे का?" हे विचारणं त्यांचं कामच आहे, कारण पोटात बाळ असेल तर पोटा-कंबरेचा एक्स-रे शक्यतो टाळायचा असतो, डॉक्टरांना परत विचारायचं असतं. सासूसमोर सुनेनं खरं उत्तर दिलं असतं का? ही अक्कल कुठल्या पुस्तकातून येत नाही. ती रोज पेशंट हाताळूनच येते.

डिसेंबर २०२४ मध्ये टीबीची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा काही गावांत हातात धरायचं छोटं एक्स-रे मशीन आलं होतं. तुमच्यातल्या काहींनी बघितलं असेल. म्हणजे हे काम आता फक्त शहरातल्या मोठ्या दवाखान्यात राहिलेलं नाही.

(इथं एक मावशी म्हणाल्या, "ते खरं गं, पण किरणांचं काय? पोरीच्या अंगात किरणं राहत्यात म्हणं.")

मावशी, बरं झालं विचारलंत. एक्स-रे १८९५ साली जर्मनीत राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञानं शोधला. त्यानं बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला, तो फोटो आजही बघायला मिळतो, बोटातल्या अंगठीसकट. त्या काळी धोका माहीतच नव्हता, लोक उघड्या हातानं मशीनपुढं उभे राहायचे. त्यांच्या बोटांना जखमा झाल्या, कॅन्सर झाले. म्हणजे तुमची भीती हवेतली नाही. तिला इतिहास आहे. पण अंगात राहण्याचं म्हणाल तर तसं होत नाही. बल्ब बंद केला की उजेड खोलीत शिल्लक राहतो का? तसंच आहे. मशीनचं बटण सोडलं की किरण संपले. कपड्याला लागत नाहीत, घरी येत नाहीत, लेकराला जवळ घेतलं तर त्याला जात नाहीत.

रोज काम करणाऱ्यांना जपायला आता नियम आहेत. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, मुंबईत त्याचं मुख्य कार्यालय. एक्स-रे मशीन ठेवायचं तर त्यांचा परवाना लागतो. टेक्निशियन बटण दाबताना आडोशाच्या भिंतीमागं किंवा शिशाच्या पडद्यामागं उभी राहते. पेशंटजवळ थांबावंच लागलं तर शिशाचा एप्रन घालते. मी घालून बघितला, चांगला जड असतो. आणि छातीशी एक छोटा बिल्ला लावतात, टीएलडी बॅज. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि त्या बाईला किती किरण लागले त्याची नोंद येते. किरण मोजायचं माप आहे मिलिसिव्हर्ट. काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये, असा आपला नियम आहे. हा आकडा किती मोठा? जमिनीतून, आकाशातून आपल्या सगळ्यांनाच काही न करता वर्षाला जगाच्या सरासरीनं २.४ लागतात. बाई गरोदर आहे असं तिनं कळवलं, की पोटातल्या बाळासाठी मर्यादा फक्त १ मिलिसिव्हर्ट, आणि तशी ड्यूटी बदलून द्यावी लागते. अठरा वर्षांच्या आतल्या कुणाला हे काम देता येत नाही.

माझं प्रामाणिक मत सांगते. नियम पाळणाऱ्या ठिकाणी मुलीनं हे काम करायला मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती जिथं बॅज देत नाहीत, एप्रनला भोकं पडलेली आहेत आणि "चालतंय गं" म्हणतात त्या ठिकाणाची. मी भेटलेल्या तिघींपैकी एकीला बॅज कधीच मिळालेला नव्हता. तिला कोर्समध्येही त्याबद्दल नीट शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. चांगला कोर्स आणि पोरीची तब्येत यांचा संबंध असा आहे.

आता कोर्सची गोष्ट, ज्यासाठी आपण थांबलोय.

साधारणपणे तीन तऱ्हेच्या पाट्या दिसतात. एक पदवीची. नाशिकचं जे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याची बीपीएमटी नावाची पदवी आहे, बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष दवाखान्यात इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ती मिळाली तर फी खासगीच्या मानानं खूपच कमी, आणि पेशंट इतके की हात आपोआप बसतो. जागा थोड्या, हे मात्र खरं. दुसरी पाटी दोन-अडीच वर्षांच्या डिप्लोमाची. यात चांगले आहेत, वाईटही आहेत. तिसरी पाटी सहा महिने, एक वर्ष. माझ्या बहिणीची.

या तिसऱ्या पाटीबद्दल नीट ऐका. केंद्र सरकारनं २०२१ साली कायदा केला, डॉक्टर आणि नर्स सोडून दवाखान्यात जे बाकीचे तंत्रज्ञ असतात त्यांच्यासाठी. त्यात एक्स-रेवाले येतात. या कायद्यानं म्हटलंय, की असा व्यावसायिक म्हणायचा तर त्याचं डिप्लोमा किंवा पदवीचं शिक्षण किमान दोन हजार तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं हवं. मग एक वर्षाचं सर्टिफिकेट कुठं बसतं? तुम्हीच सांगा. राज्यात महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे, तिथं नाव नोंदवावं लागतं. केंद्राच्या कायद्यामुळे नोंदणीच्या व्यवस्थेत बदल होत आहेत, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, या वर्षीचं विचारा.

कुठंकुठं "कम्युनिटी कॉलेज" अशीही पाटी असते. ही कल्पना मुळात अमेरिकेची. तिथं घराजवळच्या अशा कॉलेजात दोन वर्षांत रेडिओग्राफरचं शिक्षण होतं आणि बरेच जण त्याच वाटेनं जातात. पण तिथंही अभ्यासक्रमाला मान्यता देणारी संस्था वेगळी आणि शेवटची परीक्षा घेणारी वेगळी. नुसत्या कॉलेजच्या नावावर कुणी कामाला लावत नाही. आपल्याकडं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१३ च्या सुमारास ही योजना आणली. त्यामुळे नाव ऐकून घाबरू नका आणि भुलूही नका. विचारायचं तेच आहे, कागदावर सही-शिक्का कुणाचा आणि तो कोण मानतं.

हे ओळखायची एक सोपी युक्ती मला त्या सरकारी दवाखान्यातल्या ताईंनी सांगितली. मला ती फार आवडली. त्या म्हणाल्या, "कोर्सची जाहिरात आधी वाचू नका. आधी नोकरीची जाहिरात वाचा." आरोग्य विभागाची किंवा महापालिकेची जुनी भरतीची जाहिरात काढायची. मोबाईलवर मिळते. त्यात "क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी" किंवा "क्ष-किरण सहाय्यक" असं पद शोधायचं. त्यापुढं शैक्षणिक अर्हता लिहिलेली असते, ती ओळ वहीत उतरवायची. मग ती वही घेऊन संस्थेत जायचं आणि म्हणायचं, "तुमचा कोर्स या ओळीत बसतो का, ते लिहून द्या." तोंडी नको. जो लिहून देत नाही त्याचं उत्तर मिळालंच समजा.

(एक ताई: "पण आम्ही विचारलं तर आम्हाला कोण उभं करून घेणार? तिथं इंग्रजीत बोलतात.")

ताई, बँकेत पहिल्यांदा गेलात तेव्हा मॅनेजरही खुर्ची देत नव्हता, तुम्हीच सांगता ना हसून? आता चहा देतो. दोघी-तिघी मिळून जा. फी तुमची आहे. आणि संस्था आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे असं म्हणत असेल, तर विद्यापीठाच्या वेबसाईटवर संलग्न कॉलेजांची यादी असते. त्यात नाव आहे का ते मी बघून देईन, तेवढं माझं काम.

दुसरी गोष्ट, दवाखाना बघितल्याशिवाय पैसे भरू नका. वर्ग बघून उपयोग नाही, खुर्च्या सगळीकडं छान असतात. मुलींना शिकायला कुठल्या दवाखान्यात पाठवता? आठवड्यातून किती दिवस? तिथं जाऊन एक्स-रेच्या खोलीबाहेर तासभर बसा. किती पेशंट येतात ते मोजा. दिवसाला पाचच पेशंट येणाऱ्या ठिकाणी तीस मुली काय शिकणार? आत काम करणाऱ्या माणसाला विचारा, की विद्यार्थ्यांना हात लावू देता का, की नुसतं उभं करता. मशीन कुठलं आहे तेही विचारा. जुन्यात कॅसेट असते, नव्यात फोटो सरळ कॉम्प्युटरवर येतो. सिटी स्कॅन आहे का, ऑपरेशन थिएटरमधलं सी-आर्म आहे का. मुलीला हे सगळं शिकायला मिळालं तर ती कुठंही उभी राहील. मशीनच्या खोलीबाहेर परवाना लावला आहे का, विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज देता का, हेही त्याच दमात विचारून घ्या. मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलींचे फोन नंबर मागा, पण संस्थेनं निवडून दिलेल्या मुलींवर थांबू नका. दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर ज्या मुली भेटतील त्या खरं सांगतात.

आणि मुलीची मूळ मार्कशीट, टीसी ठेवून घेत असतील तर तिथूनच परत या. माझ्या बहिणीची बारावीची मार्कशीट शेवटची दहा हजार फी भरेपर्यंत अडकून होती. तिला मधे कोर्स सोडायचा होता, सोडता आला नाही.

आता सोनोग्राफीबद्दल, कारण यात मुलगी नुसती फसत नाही, गुन्ह्यात अडकू शकते. काही पाट्यांवर लिहिलेलं असतं, "एक्स-रे व सोनोग्राफी टेक्निशियन". आपल्याकडं गर्भलिंगनिदान रोखायचा १९९४ चा कायदा आहे. सोनोग्राफी करायचा अधिकार त्या कायद्यानं ठरवलेल्या शिक्षणाच्या डॉक्टरलाच आहे, मशीनची आणि जागेची नोंदणी लागते. टेक्निशियन पेशंटची तयारी करील, कागद भरायला मदत करील, पण स्वतः सोनोग्राफी करू शकत नाही. तेव्हा जी संस्था "आमच्याकडं शिका आणि सोनोग्राफी करा" असं सांगते, ती एक तर अडाणी आहे नाहीतर लबाड आहे. दोन्हीकडं आपली पोर पाठवायची नाही. नोकरीला लागल्यावरही कुणी म्हणालं, डॉक्टर नाहीत, तूच जरा बघ, तर नाही म्हणायचं. हे तिला आईनंच आधी सांगितलेलं बरं.

पैशाचं बोलू. आपल्या गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना. पंचाहत्तर हजाराला पहिल्या महिन्याचं व्याज पंधराशे. चोवीस हप्ते धरले तर मुद्दल तीन हजार एकशे पंचवीस, म्हणजे पहिला हप्ता चार हजार सहाशे पंचवीस. तो पुढच्याच महिन्यात सुरू. मुलगी कमवायला लागायला मात्र वर्ष, दोन वर्षं, पदवी असेल तर चार. हप्ता कशातून जाणार? द्राक्षबागेतल्या मजुरीतून आणि दुधातून. गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, दुकानाच्या मालाला चांगलं, कारण त्यात पैसा लवकर फिरतो. लांबच्या शिक्षणाला ते गळ्याशी येतं. हे मी गटाच्या विरोधात बोलत नाही, हिशोब सांगतेय.

शिक्षणाचं कर्ज बँकेकडून घेतलं तर कोर्स चालू असताना आणि संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असं बँकांच्या नमुना योजनेत आहे. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. यातली खरी गंमत अशी, की बँक मान्यता नसलेल्या कोर्सला सहसा कर्ज देत नाही. म्हणजे बँकेत अर्ज टाकला की संस्थेची फुकटात तपासणी होते! बँकेनं नाही म्हटलं तर कारण विचारा, ते आपल्या कामाचं आहे.

शिवाय जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला, की व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. त्यात प्रवर्गाच्या अटी आहेत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा थेट पैसे भरून प्रवेश घेतला की ही माफी गेली. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती वेगळी आहे. म्हणून "आजच पन्नास हजार भरा, सीट जाईल" असं कुणी म्हणालं तर जाऊ दे सीट. आपला कोर्स या माफीत येतो का, हे तलाठ्याकडं उत्पन्नाच्या दाखल्याला जाण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, हे मात्र आत्ताच काढायला टाका. जुलैत सेतूमध्ये उभं राहायला जागा नसते.

गटाचा पैसा मग कशाला? फॉर्मची फी, जाण्यायेण्याचा खर्च, होस्टेलचं डिपॉझिट, पहिल्या दोन महिन्यांची मेस. दहा-पंधरा हजाराचं छोटं कर्ज. शिष्यवृत्ती उशिरा येते आणि तोवर मुली घरी परततात, हे आपण बघितलंय. तिथं गट उभा राहिला तर फार मोठं काम होईल. माझं हे मत आहे, ठराव तुमचा.

पगाराबद्दलही विचारत होतात. मी ज्या तिघींशी बोलले त्या खासगीत आहेत. दोघींना सुरुवातीला बारा हजार मिळाले, एकीला पंधरा. रात्रपाळी असते. खूप नाही हे, हे कबूल करूया. पाच वर्षांनी सिटी, एमआरआय शिकलेलीचा पगार वाढला, बाकी दोघींचा फारसा नाही. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, चुंबक असतो, हे जाता जाता. त्यामुळे सोयरिकीला घाबरणाऱ्यांनी तेही ध्यानात ठेवावं!

आणि एक गोष्ट दहावीतल्या मुलींच्या आयांना. या सगळ्या चांगल्या कोर्सेसना बारावी सायन्स लागते, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेऊन. आपल्या गावातल्या कॉलेजात फक्त आर्ट्स आहे. सायन्स तालुक्याला. बस लांब पडते म्हणून आपण मुलीला आर्ट्सला घालतो आणि दोन वर्षांनी म्हणतो, नर्सिंग-बिर्सिंग काहीतरी बघा. तोवर बरीच दारं लागलेली असतात, आणि मग ती दुसऱ्या मजल्यावरची संस्था तेवढी उघडी राहते, कारण तिला मार्कशीटशी देणंघेणं नसतं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. तरी संध्याकाळची शेवटची बस चुकली की मुलगी कशी येणार, ही काळजी खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. त्या बसच्या वेळेसाठी डेपो मॅनेजरला निवेदन द्यायचं का, हा विषय मी पुढच्या सभेत मांडणार आहे.

आता आपल्या ताईंच्या मुलीचं. मी तिच्याशी बोलले. मार्क चांगले आहेत, सायन्सचे आहेत. त्या एक वर्षाच्या कोर्सचा माहितीपत्रक मी वाचलं. त्यात विद्यापीठाचं नाव कुठंच नाही, "आंतरराष्ट्रीय मानांकन" एवढं मोठ्या अक्षरात आहे. संस्था खोटी आहे असं मी म्हणत नाही, मी अजून गेलेलेच नाही. मुलगी मला म्हणाली, "ताई, चार वर्षं घरचे थांबतील का? लग्नाचं बघतायत." तिनं एक वर्षाचा कोर्स का निवडला ते मला तेव्हा कळलं. तिला फी कमी आहे म्हणून तो नको होता. चार वर्षं मागायची तिची हिंमत नव्हती. ताई इथं बसल्या आहेत, त्यांना विचारूनच हे मी सभेत बोलतेय.

(ताई उठून म्हणाल्या, "मला हे तिनं सांगितलंच न्हाई. थांबू की आम्ही. तिच्या बापाशी मी बोलते.")

तर असं ठरवलंय. कर्जमागणी नामंजूर नाही, अजून थांबलेली आहे. येत्या गुरुवारी ताई, त्यांची मुलगी, ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष आणि मी, चौघी जाणार आहोत. आधी त्या एक वर्षाच्या संस्थेत, वहीतली ओळ घेऊन. मग मिरजेला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, यंदाच्या प्रवेशाची तारीख आणि कागद विचारायला. कुणाच्या मुलीसाठी काही विचारायचं असेल तर बुधवारपर्यंत सीआरपी ताईंकडं चिठ्ठी द्या. सकाळची साडेसहाची गाडी आहे. कोषाध्यक्षांना एसटीत मळमळतं, तेव्हा पुढची सीट आम्ही त्यांच्यासाठी धरणार आहोत.